सात वेळा सिद्ध

धोंडेसाहेब मुलींच्या बास्केटबॉल क्लबचे अध्यक्ष. दरवर्षी संघ निवडायचे तेच. यंदा तो संघ सातच्या सात सामने हरला, तेव्हा खापर कुणाच्या तरी माथी फोडणं भाग होतं. साहेबांनी प्रशिक्षक कुसुरकरबाईंना फर्मावलं, "त्या उंच सुवार्ताला काढा. सरावात छान दिसते, पण सामन्यात काय सिद्ध केलंय तिनं?"

"तुम्ही तिला बाकावरून उठूच दिलं नाहीत, साहेब."

"सबबी नकोत! संघात सिद्ध झालेल्याच राहतील."

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाकीच्या सिद्ध झाल्यात की, तुमच्या दोन्ही पुतण्या धरून, सात वेळा! शंकेला जागा आहे ती एकट्या सुवार्ताबद्दलच."

आठव्या सामन्याला सुवार्ता मैदानात उतरली. बाकावर साहेब बसले होते.