चार शब्दांची हाक

आंबेखिंडीच्या कड्यावर तुळोजी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकीकत. मठ म्हणजे शेणाने सारवलेलं खोपट आणि पुढे देवाची बुटकी घुमटी, एवढंच. पण महाराज तिथे येऊन राहिले आणि त्या ओसाड कड्याला कळा चढली. महाराज बोलत फार थोडं. त्यांनी नुसतं 'बस' म्हटलं, तरी आलेल्या माणसाला आपल्या घरी पोचल्यासारखं वाटे.

त्यांच्या पायाशी रोज येऊन बसे तो धाकू गवळी. चाळिशीचा, शेरडं राखणारा, मनाने अगदी निर्मळ. पण जीभ जन्मापासून अडखळणारी. 'हरी' म्हणायला गेला की पहिल्या अक्षरावरच अडे, मान ताठ होई, डोळ्यांत पाणी येई आणि भोवतालची पोरंसोरं खिदळत. एकदा त्याने महाराजांना कसंबसं विचारलं, माझं नाम देवाला कळत असेल का? महाराजांनी त्याला कड्याच्या टोकाशी नेलं. म्हणाले, "रोज सकाळी समोरच्या डोंगराला नाम ऐकवायचं. एक शब्द सोड. तो परत येऊन पुरता विरला, की दुसरा सोड. घाई कोणाला आहे?"

तीन वर्षं धाकूने हे व्रत पाळलं. पहिले सहा महिने तर तोंडातून शब्दच फुटला नाही. पुढे डोंगराशी तो बोलू लागला, माणसांत आला की मात्र पुन्हा जीभ लुळी पडे. गाव म्हणे, धाकूला डोंगराचं वेड लागलं.

कड्यालगतच्या या गावात गोपीनाथशास्त्री होते. आवाज खणखणीत, वाणी शुद्ध, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. विद्या खरीच होती, पण गर्व विद्येपेक्षा दोन बोटं वर. वैशाखातल्या उत्सवात भरल्या सभेत त्यांनी धाकूला उभं केलं आणि आरतीची पहिली ओळ म्हणायला सांगितली. धाकू अडकला तो अडकलाच. सभा पोट धरून हसली. शास्त्री महाराजांकडे वळून म्हणाले, "महाराज, अशुद्ध उच्चार म्हणजे देवाची विटंबना. याला पुढे बसवू नये."

धाकूला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, बोलणं ज्याच्यासाठी असतं त्याला ते पोचलं की ते शुद्ध झालं." शास्त्र्यांनी नाक मुरडलं. धाकू उठून गुपचूप शेरडांकडे निघाला.

कड्यापाशी येऊन त्याने खाली पाहिलं. पश्चिमेच्या उतारावर वणवा लागला होता! वाळलं गवत तडतडत पेटत होतं आणि वारा त्याला दरीकडे रेटत होता. दरीत, तळाच्या डोहाच्या वरच्या अंगाला, गावातल्या दहाबारा मुली सकाळपासून करवंदं तोडायला गेलेल्या. शास्त्र्यांची एकुलती एक वेणूही त्यांच्यात होती. मधे डोंगराची सोंड आडवी, त्यामुळे मुलींना आगीचा पत्ताच नव्हता.

धाकूने हातवारे करून माणसं गोळा केली. शास्त्री धावत आले, खाली पाहिलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. सगळा जोर एकवटून ते ओरडू लागले, "मुलींनो, अग्नी भडकला आहे, तत्काळ तिथून निघा, विलंब लावू नका!" पण समोरच्या कड्याने ते सगळं भराभर परत फेकलं. शब्दावर शब्द आदळले आणि दरीत नुसता गलका माजला. मुलींना एवढंच कळलं की काहीतरी अघटित घडलंय. त्या घाबरल्या आणि घराकडे, घळीतल्या वाटेने वर पळत सुटल्या. आग त्याच घळीत शिरत होती!

शास्त्र्यांचा आवाज फाटला. धाकूला ती दरी घरच्या अंगणासारखी ठाऊक होती. काय केलं तर पोरी वाचतील हे त्याला लख्ख दिसत होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. एवढ्यात त्याच्या पाठीवर हात पडला. महाराज होते.

"धाकू, माणसांकडे पाहू नकोस. लागतील तेवढेच शब्द घे."

धाकूने डोळे मिटले, श्वास घेतला.

"मागं!"

शब्द सरळ गेला. एकही अक्षर अडलं नाही. समोरून तो परत आला. शास्त्र्यांनी धाकूचा हात गच्च धरला, "अरे बोल ना पुढे, बोल!" महाराजांनी नुसती नकारार्थी मान हलवली. घळीच्या तोंडाशी ज्वाळा दिसू लागल्या होत्या. शब्द पुरता विरला.

"फिरा!"

मुली थबकल्या. वेणूने वर पाहिलं.

"डोहात!"

पुन्हा तेच थांबणं. तेवढ्या वेळात शास्त्र्यांनी सगळे देव आठवले.

"बसा!"

आणि मुली वळल्या! परकर सावरत, करवंदांच्या टोपल्या टाकून त्या उताराने खाली धावल्या. त्यांच्यामागे घळ धडधडून पेटली. मग धुराने सारी दरी भरली आणि काही दिसेना. महाराज डोळे मिटून उभे होते.

आग शेजारच्या माथ्यावरून पलीकडे गेली, घळ थोडी निवाली, तशी माणसं ओल्या घोंगड्या घेऊन खाली धावली. डोहात गळ्याइतक्या पाण्यात सगळ्या जणी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. एकीच्याही अंगावर फोड नव्हता! शास्त्र्यांनी वेणूला उराशी धरलं. ती हुंदके देत म्हणाली, "बाबा, महाराज आमच्या मागेच उभे होते. एकेक शब्द कानाशी सांगत होते."

सगळे चकित होऊन कड्यावर परतले आणि महाराजांच्या पायाशी लोटले. महाराज म्हणाले, "मी तोंड उघडलेलं कोणी पाहिलंत? हाक धाकूची होती. तिच्यासोबत जाणारा गेला असेल."

गोपीनाथशास्त्री उठले. खांद्यावरची शाल त्यांनी काढून ठेवली आणि साऱ्या गावादेखत धाकूच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. धाकू कावराबावरा झाला. त्यांना उठवायला वाकला, तर जीभ पुन्हा अडली. "श... श..."

या वेळी कोणी हसलं नाही. शास्त्री तसेच वाकलेले राहिले. धाकू अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरुवात करत होता, आणि 'शास्त्रीबुवा, उठा' हे त्याचे दोन शब्द पुरे होईपर्यंत त्या पंडिताने आपलं मस्तक वर केलं नाही.