ताम्रपट कोणी वाचायचा

सोनवेढ्याच्या जुन्या राजांनी राज्याचे नियम ताम्रपटावर कोरून ठेवले होते. पहिलाच नियम असा, की तळ्याचं पाणी कोणालाही अडवू नये. पुढे नातू मानाजीराजे गादीवर आले आणि त्यांनी आपल्या कारंज्यांसाठी तळ्याला कुंपण घातलं. गावचे कुंभार दाद मागायला दरबारात आले.

न्यायाधीश विसाजीपंतांनी ताम्रपट वाचला आणि कुंपण काढायला सांगितलं.

राजे हसले. "पंत, आजोबांनी ते दुष्काळापुरतं लिहिलं होतं. आणि अर्थ तुम्ही कोण लावणार? ज्याच्या हाती तलवार, तो लावेल."

"जशी आज्ञा," म्हणून पंत उठले आणि त्यांनी ताम्रपट राजांचे धाकटे भाऊ, सेनापती सर्जेराव यांच्या हाती दिला.

"त्याच्याकडे कशाला?" राजांनी विचारलं.

"सगळी फौज त्यांच्या हाती आहे, महाराज. दुसरा नियम आहे, गादी थोरल्या भावाची. तोही तेवढ्यापुरताच होता का, हे आता तेच सांगतील."

सर्जेराव ताम्रपट निरखून पाहू लागले. राजांनी तो घाईघाईने काढून घेतला आणि पंतांपुढे धरला.

"तुम्हीच वाचा, पंत. पहिल्या नियमापासून वाचा."