पानांच्या काठाचा शेला

फार पूर्वी, विणकरांच्या एका गावात, एके दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. असल्या वाऱ्यात सूत ताठरतं आणि जरा ओढलं की तुटतं. म्हणून घरोघरी मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडून लोक सावकाश विणत होते.

त्या गावात एक विणकर होता. त्याची एकुलती एक लेक दूर नगरात वैद्यकी शिकत होती. गावाची रीत अशी, की घरातलं कुणी विद्या शिकायला गेलं की घरच्यांनी त्याच्या नावाने एक शेला मागावर चढवायचा आणि शिक्षण चालेल तसा थोडाथोडा विणायचा. विद्या पुरी झाली की तो गावासमोर त्याच्या खांद्यावर घालायचा. लेक वैद्य होणार, म्हणून विणकराने शेल्याला औषधी पानांचा काठ धरला होता.

लेक सुट्टीला घरी आली. आल्याआल्या तिची नजर मागावर गेली. काठावरची पानं वाढली होती. दर सुट्टीला ती वाढलेली असत, आणि दर सुट्टीला ती तिथून पटकन नजर वळवी.

बाप कौतुकाने म्हणाला, "बघ की, निम्म्याच्या वर झाला. आणि पलीकडचा म्हातारा विचारत होता, तुझी पोरगी माझ्या गुडघ्याला लेप देईल का?"

"देईन की. लेप येतो मला."

"मग तोंड का असं?"

आता इथे ती 'प्रवासाने दमले' म्हणू शकली असती. आजवर तसंच म्हणत आली होती. पण या खेपेला तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"बाबा, मला वैद्य नाही व्हायचं. शिकवतात ते कळतं, पाठही होतं. पण मन लागत नाही. सकाळी उठते तेव्हा छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं."

"मग काय व्हायचंय?"

"तेच कळत नाही."

तिने दुसरं काही सांगितलं असतं तर बापाने भांडून तरी बघितलं असतं. कळत नाही म्हटल्यावर कुणाशी भांडायचं? तो उठला आणि कात्री घेऊन मागाकडे गेला.

"तीन वर्षं पाण्यात गेली," तो म्हणाला. "मग हे तरी कशाला ठेवायचं?" त्याने शेला कापला, आणि फणीच्या बारीक दातांत ओवलेले धागे मुठीत धरून उपसायला लागला.

तेवढ्यात पलीकडचा म्हातारा, तोही विणकरच, गुडघा चोळत दारात आला.

"अरे, काय करतोस? जन्म मागावर गेला तुझा, आणि फणी रिकामी करतोस? नवा ताणा कशाला सांधशील, वाऱ्याला?"

बापाचा हात थांबला. कापड उतरलं तरी विणकर फणीतले धागे काढत नाहीत. नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एकेक धागा त्या जुन्या टोकाला गाठ मारून जोडतात, आणि जुना धागाच नव्याला ओढून फणीतून पलीकडे नेतो. हे तिथली लहान पोरंही जाणत होती.

त्याने लेकीकडे बघितलं. "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही पानं विणत होता ना."

बाप मागाशीच खाली बसला. मग सुटू पाहणारी टोकं गोळा करून, निसटू नयेत म्हणून त्यांच्या झुपक्याझुपक्याला गाठी मारू लागला. लेकही शेजारी बसून गाठी मारू लागली.

म्हातारा म्हणाला, "तुमचं झालं असेल तर माझा गुडघा बघा कुणीतरी. वैद्य नको, लेप पुरे."

लेक हसली. तिने लेप उगाळून लावला. मग भाकरी खाल्ली, आणि भर दुपारी सुताच्या ढिगाला टेकून तिला अशी झोप लागली की वाऱ्याने दार आपटत होतं तरी जाग आली नाही.

तात्पर्य मी निराळं काय सांगू? उंबऱ्यावरून उतरताना म्हातारा विणकराला म्हणाला तेच: "शिकलेलं काही उपसून टाकू नये रे. नवं त्यालाच सांधायचं असतं. रंग कोणता, ते ठरेल सावकाश. माग काही पळून जात नाही."