पाणी टाकून घेतलेला होकार

गाव कुठलं ते विचारू नका. असा एक प्रत्येक गावात असतो. या गावात होता त्याचं नाव सुभाना. तो भोळा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता.

वय बत्तीस. अंगाने रेड्यासारखा. कामाला वाघ. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. सात मुलींच्या बापांनी त्याला पाहिलं आणि सातही जण चहा अर्धा टाकून उठले. त्याची आई अनसा रोज देवापुढे एकच मागणं मागायची. डोळे मिटायच्या आत घरात सून येऊ दे.

आठवे आले येसबाअण्णा. वरच्या गावचे. गळ्यात माळ. बोलणं मोजकं आणि मान ताठ.

"मुलगी द्यायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. मटण खाणारा जावई चालायचा नाही."

"सोडलं," सुभाना म्हणाला.

"का सोडलं?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"उद्या दुसरा कोणी खा म्हणाला तर?"

"खाईन."

अनसाने कपाळावर हात मारला. अण्णा उठले नाहीत, हे तिचं नशीब. ते म्हणाले, "हे बघ, सोडणारे पुष्कळ असतात. का सोडलं हे ज्याला ठाऊक असतं तोच टिकतो. पुढच्या सोमवारी जेवायला येतो. कारण नीट सांगितलंस तर तिथल्या तिथे होकार. नाही तर नाही."

अण्णा गेले. सुभाना कारण शोधायला निघाला. कारण सांगणाऱ्याला ऐकणारा लागतो, आणि सुभानासारखा ऐकणारा पंचक्रोशीत नव्हता.

पहिला भेटला किराणा दुकानाचा कस्तुरशेठ.

"शेठ, तुम्ही मटण का खात नाही?"

"जीव आहे त्याला मारायचं नाही," शेठ म्हणाला. "ज्यात जीव दिसला ते तोंडात घालायचं नाही. एवढं साधं आहे." हे बोलताना तो उंदराच्या औषधाच्या पुड्या बांधत होता.

सुभाना घरी आला. आईने मटकी भिजवून फडक्यात बांधली होती. फडकं ओलं झालं होतं. सुभानाने गाठ सोडून आत पाहिलं. मटकीला लांब लांब मोड आले होते. सुभाना दचकला. काल निजलेली मटकी आज उठली होती. त्याने फडकं उचललं आणि सगळी मटकी परड्यात नेऊन पुरली.

आई आली. "मटकी कुठाय रे?"

"पुरली."

"का?"

"जीव आला होता तिला."

"अरे देवा! मोड आले की जीव आला होय? मग ज्वारीही पुरशील!"

"पुरली."

"काय?"

"अर्धं पोतं झालं. अर्धं उद्या. ती तर शेतात उगवते, मी स्वतः पाहिलंय."

आईने डोकं धरलं. मग ते सोडून खुरपं धरलं. दिवसभर माती चाळून दाणा दाणा वेचला. वेचता वेचता बडबडत होती, "दाण्याला जीव म्हणत नाहीत रे बाबा. पुन्हा शेठकडे जाऊ नकोस. दुसऱ्या कोणाला विचार."

सुभाना दुसऱ्याकडे गेला. पुण्याहून विक्रांत आला होता. शिकलेला. तिथे काय करतो ते त्याच्या बापालाही सांगता येत नव्हतं. विक्रांत म्हणाला, "मटण सोडून काय होतं? मी तर दूधही सोडलंय. दूध कोणाचं? वासराचं. आपण ते हिसकावून घेतो. ज्याचं आहे त्याला परत द्यायला पाहिजे." आणि त्याने पँट वर ओढून चामड्याचा पट्टा एक भोक घट्ट केला.

सुभानाला हे पटलं. ज्याचं त्याला परत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध घालायला डेअरीवर गेला. गावाच्या दुधाचे तीन कॅन भरून ठेवलेले होते. सचिव चहाला गेला होता. सुभानाने एकेक कॅन खांद्यावर घेतला आणि ज्या दारात वासरू दिसलं त्या दारात बादलीभर ओतलं. वासरं प्यायली. उरलं ते कुत्री प्यायली. दुपारपर्यंत अर्ध्या गावातली वासरं हगायला लागली.

डेअरीचा चेअरमन पांडबा काठी घेऊन आला. मागे सारा गाव.

"दूध कुणाला विचारून ओतलंस रे?"

"वासरांचं होतं. वासरांना दिलं."

"तुझ्या वासरांच्या!" पांडबाने दोन ठेवून दिल्या. "मालकाला विचारल्याशिवाय थेंबालाही हात लावायचा नाही! आधी विचारायचं. होकार आला तर घ्यायचं. नाही आला तर गप परत यायचं. कळलं?"

"कळलं," सुभाना पाठ चोळत म्हणाला. खरंच कळलं होतं. आधी विचारायचं. होकार आला तर घ्यायचं.

रविवारी आई म्हणाली, "शेजारच्या बाळंतिणीला चार अंडी द्यायचीत. खुराड्यातून काढून आण."

सुभाना सकाळी गेला तो दुपार टळली तरी आला नाही. आई बघायला गेली. सुभाना खुराड्यापुढे मांडी घालून बसला होता. हाताला जागोजागी चोची मारलेल्या.

"अंडी कुठायत?"

"मालकीण नाही म्हणते."

"कोण मालकीण?"

"ही." त्याने कोंबडीकडे बोट केलं. "सकाळपासून विचारतोय. एकदाही हो म्हणाली नाही."

अनसा बारीक अंगाची बाई. पण त्या दिवशी तिचा आवाज वेशीपर्यंत गेला. "अरे, मुक्या जिवाला तोंडाने विचारतात होय? जन्मभर जत्रेचा बोकड बघतोस, त्याला कसं विचारतात ते दिसलं नाही तुला? त्याच्यावर पाणी टाकतात! अंग झाडलं की होकार!"

जत्रेची ही रीत ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. बोकडाला कुंकू लावतात, गळ्यात हार घालतात आणि वरून पाणी ओततात. मग सारे वाट बघत उभे राहतात. बोकडाने अंग झाडलं की त्याची आणि देवाची संमती मिळाली असं धरतात आणि कोयता उचलतात. थंड पाणी पडल्यावर अंग कोण झाडत नाही? पण हे विचारायला तिथे कोणाला सवड नसते. भांडी आधीच चुलीवर चढलेली असतात.

सुभानाने तांब्याभर पाणी कोंबडीवर ओतलं. कोंबडीने पिसं झाडली आणि कुंपणावरून उडून गेली.

"दिला होकार," सुभाना म्हणाला आणि चार अंडी घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं एक काम बिनबोभाट झालं होतं. ही रीत त्याच्या मनात पक्की बसली.

सोमवार उजाडला. अनसाने पहाटेच पुरण घातलं. सुभानाला तिने तीन गोष्टी सांगितल्या. "केळीची पानं कापून आण. तोंड अजिबात उघडू नकोस, तू बोललास की संपलं. आणि पाव्हण्यांचा होकार आल्याशिवाय पान मांडायचं नाही. होकार आला की मला हाक मार, मी गूळ घेऊन येते."

येसबाअण्णा वेळेवर आले. अनसाने त्यांना पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. अण्णांनी मान ताठ करून तो घालून घेतला. तेवढ्यात चुलीवरून पुरण करपल्याचा वास सुटला आणि ती आत पळाली.

सुभाना परड्यातून आला. डाव्या हातात केळीची पानं, उजव्या हातात विळा.

"ये, बस," अण्णा म्हणाले. "सांग. मटण का सोडलंस?"

सुभाना गप्प.

"बोल. घाबरू नकोस."

सुभाना गप्प. अण्णा मनात खूश झाले. पोरगं विचार करतंय. फटकन बोलणाऱ्यातलं नाही.

"सावकाश सांग. पण कारण ऐकल्याशिवाय माझा होकार नाही."

होकार हा शब्द ऐकला आणि सुभानाने अण्णांकडे नीट पाहिलं. कपाळाला कुंकू. गळ्यात हार. सगळी तयारी झालेली. त्याने पानं खाली ठेवली. कोपऱ्यातली भरलेली घागर एका हाताने उचलली. विळा दुसऱ्या हातातच होता, तो ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने घागर अण्णांच्या डोक्यावर रिकामी केली.

अण्णा नखशिखांत थरथरले. पगडीपासून धोतरापर्यंत सारं अंग झाडलं.

"आई गं!" सुभाना ओरडला. "होकार आला! ये लवकर!"

येसबाअण्णांच्या घरात तीन पिढ्या माळ असेल, पण जत्रा त्यांनीही पाहिल्या होत्या. कुंकू. हार. पाणी. आणि आता विळा. पुढे काय असतं ते त्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. ते पाटावरून उठले ते सरळ दारातून बाहेर. वय साठ. पण पांडबाच्या कडब्याच्या गंजीवर ते असे चढले की खाली उभी राहिलेली माणसं बघतच राहिली.

मागोमाग सुभाना विळा घेऊन आला. "मामा, पान मांडायचंय! खाली या!"

"विळा टाक आधी!" अण्णा वरून ओरडले.

"पण तुम्ही अंग झाडलंत!"

"अरे, खा! मटण खा, मासे खा, काय वाटेल ते खा! मला कारण नको! मुलगी दिली! सगळ्या गावादेखत सांगतो, दिली! फक्त तू लांब हो!"

अनसा हातात गूळ घेऊन धावत आली होती. तिच्या डोळ्यात पाणी आलं. इतक्या वर्षांनी तिचं मागणं कोणीतरी ऐकलं होतं. तिने पोराचा हात धरला. "सुभाना, ऐकलंस ना? दिली म्हणतायत. पाया पड आणि गप घरी चल."

सुभानाने मान हलवली. त्याला आता फसवता येत नव्हतं.

"नुसतं तोंडाने म्हणतायत गं. त्याला होकार म्हणत नाहीत. थांबा मामा, हलू नका. पाणी आणतो."

तो विहिरीवर गेला. घागर भरून आणेपर्यंत अण्णा मागच्या अंगाने उतरून वरच्या गावच्या वाटेला लागले होते. आणि पुन्हा या गावात ते कधी आले नाहीत.

सुभानाने गंजीकडे पाहिलं. घागर उचलली आणि सगळं पाणी गंजीवर ओतलं. बराच वेळ वाट बघितली. गंजी हलली नाही.

रिकामी घागर घेऊन तो आईकडे आला.

"नाही म्हणाली," तो म्हणाला.