डॉक्टरीणबाईंची शर्यत

मोटारसायकली बोलत असत, त्या काळची गोष्ट. जगभरच्या शर्यती जिंकून निवृत्त झालेली एक गाडी कोल्हापूरच्या बाबालाल मिस्त्रींनी हौशी क्लबसाठी पुन्हा उभी केली. मात्र इंजिनाचा जोर त्यांनी मुद्दाम कमी ठेवला.

"मिस्त्री, माझं नाक कापलंत!" गाडी फणफणली.

"अगं, आपल्या डॉक्टरीणबाई तुला चालवणार. सोमवारी त्यांना दवाखाना उघडायचाय."

शर्यतीत पुढची गाडी दिसताच तिला जुनी खुमखुमी आली. पण वळणावर बाईंनी भीतीने गुडघे टाकीला घट्ट आवळले. तिने मुकाट्याने वेग आवरला.

पहिल्या तिघांत ती आली नाही. पूर्वीचे स्वार उतरताच चषकाकडे धावत. बाई मात्र हसत तिथेच थांबल्या आणि कितीतरी वेळ तिच्या टाकीवरून हात फिरवत राहिल्या.