वाघोबाचा दगड

शेठ गुलाबरावांना पाड्यावरचा वाघोबाचा दगड उपटून तिथे रिसॉर्टचं फाटक बसवायचं होतं. ग्रामसभेत ते गरजले, "देव म्हणजे भित्र्या पूर्वजांचं खूळ! गवत हललं, की यांना वाघ दिसायचा." त्यांनी टेबलावर हात आपटला, तशी कॉलेजात शिकणारी जयवंती दचकून उडालीच. "बघा, त्यांचीच ही पणती!" शेठ हसले.

जयवंती उठली. "खरंय, शेठ. शंभरदा वारा असायचा, एकदा वाघ. आमचे दर वेळी पळाले म्हणून उरले, आणि उरले म्हणून हा दगड मांडला. ज्यांना दर वेळी वाराच वाटला, त्यांना वाघाने खाल्लं. तुम्ही जन्मलात, म्हणजे तुमचेही पूर्वज पळालेच होते. त्यांचा देव उपटता?"

दगड राहू द्यावा म्हणून सगळे हात वर गेले. तेवढ्यात बाहेर गवत सळसळलं, आणि सर्वांत आधी शेठ दचकले.