दुप्पट वाळू

त्या दिवशी ऊन होतं, पण तापत नव्हतं. पहाटेचं धुकं उतरून गेलं होतं, गवताची टोकं अजून ओली होती, आणि वारा इतका हलका की पिंपळाची पानंसुद्धा विचार करून हलत होती. थंडीत असा एखादाच दिवस येतो. कोणालाच घरात बसवत नाही.

अशा दिवशी, फार वर्षांमागे, एका नगरातली मौजेची बाग उघडली. वर्षातून एकच दिवस उघडायची ती. आत कारंजी होती, झोपाळे होते, पाटाच्या पाण्यात होड्या होत्या. पण सगळ्यांचे पाय वळायचे ते लाकडी घोड्यांकडे. मधोमध एक जाड खांब, त्याच्याभोवती बारा घोडे. चार पैलवान खांबाचे दांडे धरून पळाले, की घोडे गरगर फिरायचे. सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला की घंटा व्हायची, घोडे थांबायचे आणि बाग बंद. मग पुन्हा पुढच्या वर्षी.

या बागेचा एक कारभारी होता. माणूस चांगला. पहाटे उठून स्वतः झाडलोट बघणारा. खोड म्हणाल तर एकच होती. दुसऱ्याला काय हवं ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, असं त्याला वाटायचं.

त्याच्या शेजारी एक म्हातारी चितारीण राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. तिचे पाय लहानपणीच गेले होते, पण हात असा चालायचा की बघत राहावं. ते बारा घोडे तीच रंगवायची, दरसाल, आपल्या ओसरीवर बसून. रंगवून झाले की घोडे बैलगाडीतून बागेत जायचे आणि आक्का दारातून त्यांच्या शेपट्या बघायची. फिरताना त्यांना तिने कधीच पाहिलं नव्हतं.

या वर्षी मात्र तिने एक गंमत करून ठेवली होती. प्रत्येक घोड्याच्या पोटावर, झुलीच्या खाली, एक पोपट काढला होता. पहिल्याचे पंख मिटलेले, दुसऱ्याचे जरा उघडलेले, तिसऱ्याचे आणखी. असे बारा पोपट. घोडे जोरात फिरले तर बाराचा एकच पोपट होऊन उडायला लागेल, असा तिचा अंदाज होता. उडेल का खरंच? ते बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि या वर्षी बघता येणार होतं, कारण लोहाराने तिला हाताने फिरवायची तीन चाकांची गाडी करून दिली होती. दांडीला एक घंटीसुद्धा बांधली होती.

कारभाऱ्याला हे कळलं, तेव्हा त्याला फार आनंद झाला. त्या नगरात एक रीत होती. मानाचा पाहुणा येणार असला, की बागेच्या वाटेवर नदीची मऊ वाळू अंथरायची. कारभाऱ्याने गड्यांना सांगितलं, ‘‘यंदा दुप्पट वाळू टाका. आक्का गाडीतून येतेय. तिला एक हिसका बसता कामा नये.’’

गड्यांनी टाकली. घोट्यापर्यंत पाय बुडेल अशी टाकली.

दुपार कलल्यावर आक्का आली. डोक्यावरून नवा पदर, मांडीवर शिदोरी. फाटकापर्यंत गाडी कशी सुरेख आली. आत शिरली, चार हात गेली आणि रुतली. आक्काने दांडी फिरवली, तशी चाकं आणखी खाली गेली.

‘‘कोणी टाकली ही वाळू?’’ ती म्हणाली.

कारभारी पुढे आला, हसत. ‘‘मी टाकली, आक्का. मुद्दाम तुमच्यासाठी.’’

‘‘माझ्यासाठी? मी काय कलिंगड आहे, वाळूत लावायला?’’

लोक हसले. मदतीलाही धावले, कारण लोक वाईट नव्हतेच. चौघांनी न विचारता गाडी उचलली, आक्कासकट. आक्का ओरडली, ‘‘अरे, खाली ठेवा! गाठोडं नाही मी, पडेन ना!’’ त्यांनी घाबरून ठेवली. एकाने तेवढ्यात आपली पिशवी तिच्या गाडीच्या दांडीला अडकवली, हात मोकळे करायला. एक बाई तिच्या डोक्यावरून कारभाऱ्याला विचारू लागली, ‘‘यांना पाणी हवंय का हो?’’

‘‘यांना कान आहेत,’’ आक्का म्हणाली. ‘‘आणि तोंडही आहे. पाणी नको, बाई. वाट हवी.’’

कशीबशी गाडी थोडी पुढे सरकली. समोर एक हलवाई चालला होता. कारंजं उडालं तसा तो वाटेत मधोमध थांबून वर बघायला लागला. आक्काने घंटी वाजवायच्या आत चाक त्याच्या टाचेला लागलं.

‘‘आई गं! डोळे नाहीत का, म्हातारे?’’

‘‘चुकलं माझं, घंटी आधी वाजवायला हवी होती,’’ आक्का म्हणाली. ‘‘पण तूही चालता चालता खांब झालास की रे. पाय चटकन थांबतात, गाडी नाही थांबत.’’

हलवाई टाच चोळत राहिला. मग म्हणाला, ‘‘तेही खरंच. कडेला होऊन बघायला काय झालं होतं मला?’’ आणि तो कडेला झाला.

इकडे सूर्य चिंचेकडे सरकत होता. घोडे अजून शंभर पावलं लांब, आणि पैलवानांच्या आरोळ्या इथपर्यंत ऐकू येत होत्या. आक्काचे हात भरून आले होते. तिने दांडी सोडली आणि मांडीवर हात ठेवून बसली. थट्टा करायची थांबली. 

ते बघून पहिल्यांदाच कारभारी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘‘आक्का, मला कळत नाहीये. तुम्हीच सांगा, काय करू?’’

आक्काने बोट दाखवलं. ‘‘त्या पाटाच्या कडेची फरशी. ती टणक आहे. तिच्यावरून गाडी धावेल.’’

कारभाऱ्याने बघितलं. फरशी गाडीपुरती रुंद होतीच. पण तिच्यावर उरलेल्या वाळूच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या, त्याच्याच हुकमाने. आणि पाट्यांच्या पुढे एका सरदाराचं कुटुंब सतरंजी पसरून जेवायला बसलं होतं.

पाट्या काय, हातोहात उचलता येतात. सरदाराला कसं उठवायचं? सरदाराचा शब्द राजाच्या कानापर्यंत जायचा. कारभाऱ्याने एकदा त्याच्या मिशांकडे बघितलं, एकदा सूर्याकडे, आणि हात जोडून पुढे झाला.

‘‘सरदारसाहेब, आपल्याला बसायला सगळी हिरवळ आहे. आक्कांच्या गाडीला मात्र एवढीच वाट आहे.’’

‘‘सकाळपासून जागा धरलीय आम्ही,’’ सरदार गुरगुरला. ‘‘तिला उचलून न्या की.’’

‘‘त्यांना उचललेलं आवडत नाही, साहेब. मलाही नसतं आवडलं.’’

सरदाराची बायको वाटी हातात घेऊन उठली. ‘‘अहो, उठा. हिरवळीवर काय भात वेगळा लागणार आहे का?’’

सरदार पुटपुटत उठला. सतरंजी सरकली. लोकांनी रांग करून वाळूच्या पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात देत बाजूला केल्या. पिशवीवाल्याने गुपचूप आपली पिशवी काढून घेतली. आणि आक्काची गाडी फरशीवर चढली ती काय सुटली! घंटी खणाणत, पदर उडवत. मागून कारभारी पळतोय, तरी मागेच.

पण घोड्यांपाशी पोचली, तर पुढे माणसांची भिंत. सगळे उभे. आक्काच्या डोळ्यांसमोर नुसत्या पाठी आणि कमरा.

‘‘एवढी यातायात करून मी काय धोतरांचे काठ बघायला आले?’’ ती म्हणाली.

कारभारी ओरडणार होता, ‘व्हा बाजूला सगळे!’ त्याचं तोंडही उघडलं होतं. मग ते त्याने मिटलं आणि खाली वाकून विचारलं, ‘‘आक्का, सगळ्यांना हटवू?’’

‘‘कशाला रे? तेही वर्षभर वाट बघून आलेत. पुढचे तेवढे बसले तरी पुरे. मागच्यांनाही दिसेल.’’

हे ऐकून पुढची माणसं आपसूक खाली बसली. आक्काने गाडी त्यांच्या मधोमध आणली. आता तीही बसलेली आणि तेही बसलेले. सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकायला बोटभर जागा उरली होती. पैलवानांनी दांडे धरले आणि पळाले.

एक घोडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग घोडे वेगळे दिसेनात, आणि त्यांच्या पोटाखालून एक हिरवा पोपट निघाला. पंख वर, पंख खाली, पंख वर. उडतोय, उडतोय, आणि जागचा हलत नाही!

‘‘उडाला गं बाई!’’ आक्का म्हणाली. बाकी काही तिला बोलताच येईना.

बसलेल्या माणसांत एकच गलका झाला. ‘‘पोपट! पोपट!’’ हलवाई तर टाच विसरून टाळ्या पिटत होता.

मागे उभा असलेला कारभारी विचारत होता, ‘‘कुठाय पोपट? मला तर नुसत्या झुली दिसतायत.’’

सकाळपासून शेकडो लोकांनी ते घोडे बघितले होते आणि कोणालाच पोपट दिसला नव्हता. दिसणार कसा? आक्काने तो बसून काढला होता, तो बसलेल्यालाच दिसायचा.

‘‘खाली बस, बाबा,’’ आक्का म्हणाली.

कारभारी तिच्या चाकाला टेकून मातीत बसला, आणि त्यालाही पोपट उडताना दिसला. घंटा होईपर्यंत दोघं तिथून हलले नाहीत. घंटा त्यानेच द्यायची होती. जरा उशिराच झाली म्हणतात.

पुढच्या वर्षापासून त्या बागेत वाळू अर्ध्याच वाटेवर पडू लागली. फरशीवर कोणी पाटी ठेवत नव्हतं की सतरंजी पसरत नव्हतं. आक्काच्या मागोमाग गावातल्या आणखी तीन गाड्या यायला लागल्या. घंटी वाजली की लोक कडेला व्हायचे, आणि लोक थांबले की गाड्याही दमाने घ्यायच्या. घोड्यांपुढे तर सगळे आधीच बसलेले असत.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं, त्याला आधी विचारावं. कारभाऱ्याला ते बागेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पुरतं कळलं. तो कुंपणाशी उभा राहून ओशाळं हसत होता आणि ओसरीवरून त्याची शेजारीण त्याला म्हणाली, ‘‘अरे, गाड्या भरभरून वाळू आणलीस, त्यापेक्षा एक हाक मारायची होतीस. मी शेजारीच तर राहते.’’